मेडशी : पॉइंट, पॅकेज, मुक्काम

रस्ता सार्वजनिक बांधकाम विभाग बांधतो, मार्ग मात्र कुणीतरी लिहितं. दहा रस्त्यांतून तीन निवडायचे, सुरुवात कुठून आणि शेवट कुठं ते ठरवायचं, कुठं थांबायचं, काय बघायचं आणि काय न बघता पुढं जायचं ते सांगायचं, हे सगळं लेखकाचं काम आहे. म्हणून सायकलच्या मार्गाला निवेदक असतो, गृहीत धरलेला वाचक असतो आणि गोष्टीतून वगळलेली पात्रंही असतात. कथेची किंवा सिनेमाची समीक्षा होते, तशी मार्गाचीही व्हायला हवी. विशेषतः आता, कारण मराठीत हे लेखन कधी नव्हे इतकं होतंय. दर रविवारी दुपारी व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर नकाशाची लाल-नारिंगी रेघ येते, खाली किलोमीटर, चढाई, सरासरी वेग आणि चार ओळींचं वर्णन.

या चार ओळी कुठून येतात ते शोधलं, तर बरंचसं मूळ इंग्लंडमध्ये सापडतं. कॉट्सवोल्ड्स, यॉर्कशायर डेल्स, सरे हिल्स. दोन्ही बाजूंना कुंपणाच्या झुडपांच्या भिंती, मधून एक गाडी जेमतेम जाईल एवढी डांबरी वाट, चढाच्या माथ्यावर चर्च, उतारावर दगडी घरांचं गाव आणि गावात पब. यूट्यूबवर हे इतक्या वेळा पाहिलेलं असतं की आपल्या डोक्यात ‘चांगला सायकल-मार्ग’ म्हटल्यावर तेच चित्र उभं राहतं. मग आपण आपल्या भागात तसा तुकडा शोधायला निघतो. मिळाला की फोटो काढतो आणि खाली लिहितो, अगदी परदेशासारखं वाटतंय.

हे लेखन मी मेडशीवरून वाचणार आहे. अकोल्याहून वाशिमला जाताना पातूरचा घाट चढून गेलं की मेडशी लागतं. तालुका मालेगाव, जिल्हा वाशिम. अकोला समुद्रसपाटीपासून सुमारे २८० मीटरवर आहे, वाशिम सुमारे ५५० मीटरवर. या दोन शहरांच्या मधे पाणलोटाची सीमा आहे. उत्तरेकडचं पाणी पूर्णेतून तापीला मिळतं आणि अरबी समुद्रात जातं. दक्षिणेकडचं पैनगंगेतून पुढं गोदावरीच्या खोऱ्यात उतरतं आणि बंगालच्या उपसागराकडं जातं. म्हणजे जमीन इथं सपाट असूच शकत नाही. टेकाड, नाला, पुन्हा टेकाड. खरीपात सोयाबीन आणि तूर, मधे सागाचं रान. इंग्रजीत ज्या भूप्रदेशाला कौतुकानं ‘रोलिंग’ म्हणतात, तो मेडशीला जन्मतःच मिळालेला आहे. तरीही मेडशी कुठल्या सुंदर मार्गांच्या यादीत दिसत नाही. याचं कारण जमिनीत सापडत नाही, ते लेखनात शोधावं लागतं.

इंग्रजी मार्गाचा अर्धा भाग

आधी मूळ प्रकार नीट वाचू. एच. जी. वेल्सची ‘द व्हील्स ऑफ चान्स’ ही कादंबरी १८९६ची. नायक हूपड्रायव्हर लंडनजवळच्या पटनीत कापडाच्या दुकानात नोकर आहे. वर्षाला दहा दिवसांची सुट्टी. ती घेऊन तो जुन्या सायकलवर दक्षिणेकडं निघतो. रिप्ले, गिल्डफर्ड, हॅसलमियर, मिडहर्स्ट, चिचेस्टर. वेल्स स्वतः पोरवयात कापडाच्या दुकानात उमेदवारी करून आलेला होता, त्यामुळं काउंटरमागं दिवसभर उभं राहिलेल्या पायांना चढ कसा लागतो ते त्याला माहीत आहे. सायकलवर बसल्यावर लोक हूपड्रायव्हरला वरच्या वर्गातला समजतात. तोही समजू देतो. दहा दिवस संपतात आणि तो काउंटरवर परत येतो.

कादंबरी हलकीफुलकी आहे, पण त्या सगळ्या प्रकाराचं गुपित ती सांगून टाकते. इंग्रजी ‘कंट्रीसाइड’चा सायकल-मार्ग शहरातल्या नोकरदारानं शहरातल्या नोकरदारासाठी लिहिलेला आहे. ज्याला सोमवारी परत जायचंय, त्याला शनिवारचं गाव सुंदर दिसतं. गावातल्या माणसांचं काम म्हणजे दार उघडणं, पेय देणं, रस्ता सांगणं. त्यांच्या सोमवारबद्दल मार्ग काही बोलत नाही.

इथपर्यंतचा भाग आपण उचलला. उरलेला अर्धा तिथंच राहिला, आणि तोच जास्त महत्त्वाचा होता.

१८७८मध्ये इंग्लंडमध्ये सायकलवरून फिरणाऱ्यांचा एक क्लब निघाला, तो पुढं सायकलिस्ट्स टूरिंग क्लब म्हणून ओळखला गेला. गावोगावी त्याचे प्रतिनिधी असत. कुठल्या खानावळीत सभासदांना ठरलेल्या दरात खोली मिळेल याची यादी तो छापत असे. धोक्याच्या उतारांवर त्यानं इशाऱ्याच्या पाट्या लावल्या. १८९०च्या दशकात हॅरी इंग्लिस यांची ‘कंटूर रोड बुक’ मालिका सुरू झाली. त्यात रस्त्याच्या चढ-उताराची आकृती, कुठला उतार घातक, पृष्ठभाग कसा, हे छापलेलं असे. आज अ‍ॅपमध्ये दिसणारा चढाईचा आलेख ही नवी कल्पना अजिबात नाही, तो सव्वाशे वर्षांपूर्वी खिशात मावणाऱ्या पुस्तकात होता. आणि १८८६मध्ये सायकलस्वारांच्या संघटनांनी मिळून रोड्स इम्प्रूव्हमेंट असोसिएशन काढली. मोटारी यायच्या आधीची ही गोष्ट. रस्ते दुरुस्त करा, नीट बांधा, जबाबदारी घ्या, असा धोशा या लोकांनी अधिकाऱ्यांच्या मागं लावला.

म्हणजे वर्णन आणि तक्रार एकाच चळवळीतून लिहिली जात होती. ज्या वाटांचे व्हिडिओ बघून आपण उसासे टाकतो, त्या वाटांवर कुणीतरी खड्डे मोजत फिरलेलं आहे. ही सवय तिथं अजून पूर्ण मेलेली नाही. ब्रिटनचं राष्ट्रीय सायकल-जाळं सांभाळणाऱ्या ‘सस्ट्रान्स’ या संस्थेनं २०२०मध्ये स्वतःच्याच नकाशातून जवळपास चौथा हिस्सा कमी केला. पुष्कळ ठिकाणी रस्त्यावर वाहनं इतकी होती की त्याला सायकल-मार्ग म्हणणं बरोबर नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. समीक्षक म्हणून मला ही संपादनाची कृती फार आवडते. आपला मजकूर खोटा पडतोय हे ओळखून तो छाटणं सोपं नसतं.

फोनमधलं व्याकरण

आता फोन उघडू. आपली बहुतेक सायकल-अ‍ॅपं रस्त्यांची माहिती ओपनस्ट्रीटमॅपवरून घेतात. हा कुणालाही भरता येणारा खुला नकाशा २००४मध्ये लंडनमध्ये सुरू झाला. त्यामुळं त्यातली रस्त्यांची वर्गवारी ब्रिटिश आहे. मोटरवे, ट्रंक, प्रायमरी, सेकंडरी, टर्शरी आणि शेवटी ‘अनक्लासिफाइड’. हा शेवटचा शब्द ब्रिटनच्या रस्तेव्यवस्थेतून आलेला आहे. तिथं त्याचा अर्थ ठरलेला आहे, मोठा क्रमांक नसलेला पण खराखुरा, स्थानिक प्रशासन सांभाळत असलेला छोटा रस्ता. यूट्यूबवरची ती झुडपांच्या भिंतींमधली वाट बहुधा याच वर्गातली असते.

आपल्याकडची वर्गवारी वेगळ्या टेबलावर ठरली, आणि ते टेबल विदर्भातच होतं. १९४३मध्ये नागपूरला मुख्य अभियंत्यांची परिषद भरली. तिच्यातून निघालेला आराखडा नागपूर प्लॅन म्हणून ओळखला जातो. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक म्हणजे आजचे राज्य महामार्ग, जिल्हा रस्ते, ग्रामीण रस्ते. कागदावर ही उतरंड ब्रिटिश उतरंडीशी छान जुळते. ट्रंकला राष्ट्रीय महामार्ग, प्रायमरीला राज्य महामार्ग, आणि अनक्लासिफाइडला आपला ग्रामीण रस्ता. जमिनीवर जुळत नाही.

अ‍ॅप मार्ग कसा शोधतं ते एका परिच्छेदात सांगतो, कारण ते समजलं की पुढचं सगळं समजतं. प्रत्येक चौक हा एक बिंदू, दोन चौकांमधला रस्ता ही एक रेघ. प्रत्येक रेघेला एक ‘किंमत’ लावलेली असते. सायकलसाठी महामार्ग महाग, छोटा रस्ता स्वस्त. मग सगळ्यात कमी किमतीची साखळी शोधायची. याची मूळ पद्धत एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९५९मध्ये प्रसिद्ध केली. गणितात खोट नाही. सगळं लेखन त्या किमतीत असतं. महामार्गाला किती दंड लावायचा, कच्च्या रस्त्याला किती, हे आकडे कुणीतरी माणूस टाइप करतो, आणि टाइप करताना त्याच्या डोळ्यापुढं त्याचा देश असतो.

मालेगाव तालुक्यात ‘अनक्लासिफाइड’ म्हणून काढलेली रेघ ग्रामसडक योजनेतली चांगली डांबरी असू शकते. नुसती खडी पसरलेला रस्ता असू शकतो. किंवा दोन शेतांमधली पांदण असू शकते. नकाशात पृष्ठभागाची नोंद कुणी भरलेली नसेल, तर अ‍ॅपला तिन्ही सारख्याच. उन्हाळ्यात पांदणीवरून सायकल जाते. जुलैत तिथली काळी माती चाक आणि मडगार्ड यांच्यामधे अशी बसते की चाक फिरत नाही, सायकल खांद्यावर घ्यावी लागते. अ‍ॅप शांतपणे सांगत असतं, पुढं चारशे मीटर सरळ.

चढाईच्या आकड्याचंही तसंच. अनेक अ‍ॅपं उंचीसाठी जी माहिती वापरतात, तिचा मोठा भाग फेब्रुवारी २०००मध्ये एका अंतराळयानानं अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारनं मोजलेला आहे. हे थक्क करणारं काम आहे. पण त्यात पृथ्वी चौकोनी तुकड्यांत कापलेली असते, आणि घाटातला रस्ता तुकड्यातून जातो की कडेवरून, हे त्या तुकड्याला कळत नाही. तरी आपण ग्रुपवर ‘७४३ मीटर चढाई’ असं शेवटच्या मीटरपर्यंत लिहितो. आकडा नेमका दिसला की वाचक विश्वास ठेवतो. ही कादंबरीकाराचीही जुनी युक्ती आहे.

‘क्रॉस केलं’ आणि ‘लागलं’

आता आपल्या मराठी चार ओळी. कुणा एकाची पोस्ट उचलून तिच्यावर चालून जाण्यात अर्थ नाही, कारण सगळ्या एकाच साच्यातल्या असतात. पहाटे साडेचारला निघणं. थंडी. आकडे. ‘निसर्गरम्य’ हा शब्द. टपरीवरचा चहा. साधीभोळी माणसं. परत येताना ऊन. आकडे.

यातलं सगळ्यात बोलकं असतं क्रियापद. पातूर क्रॉस केलं, मेडशी मागं टाकलं, मालेगाव कव्हर केलं. गावाला कर्म करून टाकणारी ही क्रियापदं इंग्रजीतून आणि व्यायामाच्या भाषेतून आलेली आहेत. त्यात सगळं करणारा एकच, सायकलवरचा माणूस. वऱ्हाडात कुणालाही रस्ता विचारा, तो म्हणेल, पातूर सोडलं की घाट लागतो, मग मेडशी लागते. मराठीत गाव ‘लागतं’. घाट लागतो, नदी लागते. त्याच क्रियापदानं तहान लागते, धाप लागते, ऊन लागतं, ओढ लागते. म्हणजे प्रवासात जे येऊन भिडतं, त्याला मराठीनं एकच क्रियापद ठेवलंय, आणि त्यात कर्तेपण गावाकडं दिलंय. आपण जात असतो, गाव आपल्याला लागतं. आपल्या सायकल-लेखनानं हे क्रियापद सोडलं आणि त्याबरोबर गावाचं कर्तेपणही गेलं.

लांब पल्ल्याच्या सायकलिंगमध्ये हे आणखी स्पष्ट दिसतं. ब्रेव्हे नावाच्या राइड्स आता महाराष्ट्रात अनेक शहरांतून होतात. २०० किलोमीटरला साडेतेरा तास, ३००ला वीस, ४००ला सत्तावीस, ६००ला चाळीस. वाटेत ठरलेल्या ठिकाणी ‘कंट्रोल’ असतो. तिथं पोचल्याचा पुरावा घ्यायचा, शिक्का किंवा पावती. हा खेळ मला मनापासून आवडतो. त्यात कुणी पहिला-दुसरा येत नाही, वेळेत पोचला तो पोचला. पण लेखन म्हणून पाहिलं तर त्यात गावाचं रूपांतर पावतीत होतं. हॉटेलवाल्याशी एकच व्यवहार, वेळ छापलेला कागद द्या.

आणि हॉटेलवाला काय विचारतो? ‘कुठचे होय तुमी? कोनाकडं आले?’ हा दुसरा प्रश्न मला मार्गलेखनावरची सगळ्यात नेमकी टीका वाटतो. त्याच्या हिशेबात रस्ता कुणाकडं तरी जातो. बहीण, सोयरा, वावर, दवाखाना, बाजार. कुणाकडंच न आलेला माणूस महागड्या सायकलवरून घामाघूम होऊन येतो, हे त्याला गमतीचं वाटतं. आपल्याला वाटतं त्याला सायकलिंग कळत नाही. पण त्यानं साधी विचारपूस केलेली असते, आणि आपल्या मार्गाकडं तिचं उत्तर नसतं.

मेडशीचं नाव आणखी कुठं येतं

मेडशी इतर कुठल्या मजकुरात येतं ते बघितलं, तर आपल्या मार्गांमध्ये काय कमी आहे ते कळतं.

पहिला मजकूर सरकारी आहे. अकोला-वाशिम-हिंगोली-नांदेड हा राष्ट्रीय महामार्ग १६१. त्याच्या चौपदरीकरणाची कामं तुकड्यांत विभागली गेली, आणि एक तुकडा अकोला ते मेडशी, पुढचा मेडशी ते वाशिम. निविदांच्या भाषेत याला पॅकेज म्हणतात. तिथं मेडशी ही दोन कंत्राटांची हद्द आहे. या मजकुराची निष्ठा वेगाशी आहे. शेजारच्याच अमरावती-अकोला रस्त्यावर जून २०२२मध्ये ७५ किलोमीटरची एक लेन पाच दिवसांच्या आत अखंड डांबरीकरण करून जागतिक विक्रम नोंदवला गेला. मालेगाव तालुक्यातून समृद्धी महामार्गही गेला. ७०१ किलोमीटरचा हा रस्ता, आणि त्यावर सायकलच काय, मोटारसायकललाही परवानगी नाही. या मजकुरांना मी वाईट म्हणत नाही. अकोल्याच्या दवाखान्यात पेशंट वेळेत पोचतो तो अशाच रस्त्यांनी. पण त्यातली गावं म्हणजे साखळी क्रमांक असतात.

दुसरा मजकूर दरवर्षी नव्यानं छापला जातो. शेगावहून गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते, तिचं वेळापत्रक. तारीख, दुपारचं गाव, रात्रीचं गाव. त्यात अकोल्यानंतर पुढं पातूर, मेडशी, श्रीक्षेत्र डव्हा, मालेगाव, शिरपूर जैन, रिसोड ही नावं ओळीनं येतात. वर्णन एका शब्दाचंही नाही, विशेषण नाही, फोटो नाही. तरी हा मार्ग माझ्या फोनमधल्या कुठल्याही फाइलपेक्षा जास्त काही सांगतो. एका गावातून दुसऱ्या गावात पायी पोचायला किती वेळ लागतो, ते अंतर चालवतं का, इतक्या माणसांचं जेवण आणि पाणी कुठं होऊ शकतं, हे सगळं त्या कोरड्या रकान्यांत मुरलेलं आहे. इथं मेडशी मुक्कामाच्या गावांत आहे. हा मार्ग गावाशिवाय पूर्ण होत नाही, कारण कुणीतरी स्वयंपाक करणार आहे हे तो गृहीत धरतो.

तिसरा मजकूर मेडशीचा थेट नाही, पण या मुलखाच्या भाषेचा आहे. महानुभावांची ‘स्थानपोथी’. तेराव्या शतकात चक्रधर स्वामी ज्या ज्या ठिकाणी हिंडले, राहिले, बसले, त्या जागांची ही नोंद. शेजारचे लोणार आणि मेहकर त्यांच्या भ्रमणात आहेत. या ग्रंथाची रीत मला सायकल-मार्ग लिहिणाऱ्या प्रत्येकानं पाहावीशी वाटते. गावाच्या कुठल्या दिशेला देऊळ, देवळाचं दार कुठल्या बाजूला, आवारात जागा नेमकी कुठं. उपमा नाहीत. ‘निसर्गरम्य’ नाही. मागून येणाऱ्या माणसाला ती जागा सापडली पाहिजे, एवढीच तळमळ. मराठी गद्य अगदी तरुण होतं तेव्हा त्यानं हे काम केलेलं आहे. मार्ग लिहायला आपल्याला कॉट्सवोल्ड्सचीच उसनवारी करावी लागते असं नाही. आपल्या घरात वस्तू आहे, फक्त ती आपण धर्मग्रंथाच्या फळीवर ठेवली आणि विसरलो.

नोंद नसलेल्या सायकली

इथपर्यंत कुणी म्हणेल, एवढं कशाला ताणतोस? लोक सुट्टीच्या दिवशी व्यायामाला जातात, मजा करतात, चार ओळी लिहितात. त्यांनी समाजसेवा करावी अशी अपेक्षा का?

आक्षेप बरोबर आहे, आणि मजा करण्याच्या हक्काच्या मी पूर्ण बाजूनं आहे. हूपड्रायव्हरचे दहा दिवस कुणी काढून घेऊ नयेत. पण आपल्या रेघा आता फक्त आपल्या मजेच्या राहिलेल्या नाहीत. स्ट्राव्हा हे अ‍ॅप २००९मध्ये सुरू झालं. त्यात नोंदलेल्या सगळ्या फेऱ्या एकत्र करून जगाचा उजळ रेघांचा नकाशा बनतो. जास्त फेऱ्या, जास्त उजेड. जानेवारी २०१८मध्ये कळलं की सैनिकांच्या जॉगिंगमुळं या नकाशात लष्करी तळ दिसतायत. बातमी तेवढ्यापुरती गाजली. कमी गाजलेली गोष्ट अशी की हीच माहिती ‘स्ट्राव्हा मेट्रो’ नावानं शहर-नियोजन करणाऱ्यांना दिली जाते, आणि २०२०पासून ती मोफत आहे. सायकलसाठी रस्ता कुठं हवा हे ठरवताना कुठल्या रस्त्यावर सायकली जातात ते बघायचं. कल्पना चांगली आहे. अडचण एवढीच, की अ‍ॅप चालू करून जाणाऱ्याचीच सायकल दिसते.

महाराष्ट्रात मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली दिल्या जातात. गावात शाळा नाही, पण पाच किलोमीटरच्या आत आहे, अशा मुलींसाठी ही योजना. वाशिम जिल्ह्यातल्या शाळांच्या आवारात अशा सायकलींच्या रांगा दिसतात. सकाळी पाच, संध्याकाळी पाच, आठवड्याला सहा दिवस. हिशेब करा, आठवड्याला साठ किलोमीटर. ग्रुपवर अभिमानानं टाकता येईल एवढा आकडा आहे. गियर नाही, हेल्मेट नाही, मागं मैत्रीण बसलेली, हँडलला डबा. या साठ किलोमीटरची नोंद कुठल्याही नकाशात नाही. त्या उजळ रेघांच्या जगात ही मुलगी घरातून निघालेलीच नाही.

आणि चौपदरी रस्ता तिच्यासाठी काय करतो? मधला दुभाजक ओलांडायची फट लांब असते. शाळा पलीकडं असेल तर नियमानं जायला आधी उलट दिशेला जाऊन वळसा घालावा लागतो. कुणी घालत नाही. सायकली डांबराच्या कडेनं उलट्या दिशेनं येतात, समोरून ट्रक. मोटारीतून जाणारा म्हणतो, या लोकांना शिस्त नाही. रविवारचा सायकलस्वारही कधीकधी तेच म्हणतो, आणि पोस्टमध्ये लिहितो, रस्ता एकदम मस्त, अ‍ॅव्हरेज अठ्ठावीस लागला. रस्ता दोघांनी पाहिला. लिहिता फक्त एकाला येत होतं, आणि त्यानं आपलं अ‍ॅव्हरेज लिहिलं.

म्हणून इंग्लंडचा तो दुसरा अर्धा भाग हवा, तक्रारीचा. सायकलवर बसलेल्या माणसाला रस्ता जितका कळतो तितका मोटारीतल्याला कळत नाही. खड्डा त्याच्या मनगटाला कळतो, उतारावरची वाळू त्याच्या ब्रेकला, साइडपट्टी कुठं संपते ते त्याच्या जिवाला. ही माहिती असलेला, स्मार्टफोन असलेला, लिहिता येणारा माणूस दर रविवारी मेडशीवरून जातो आणि फक्त सूर्योदय लिहितो. सूर्योदय लिहावा. त्याच्याखाली दोन ओळी आणखी लिहाव्यात.

एक नमुना

समीक्षकानं नमुना दिला पाहिजे, म्हणून पातूर ते शिरपूर या मार्गाचा कच्चा आराखडा देतो. अंतरं अ‍ॅप देईल, मी बाकीचं लिहितो.

पातूर. गावाजवळ डोंगरात कोरलेली लेणी आहेत, ती चढायच्या आधी बघा, नंतर पाय ऐकणार नाहीत. पुढं घाट लागतो. ट्रकही त्याच रस्त्यानं चढतात, म्हणून उजाडल्यावरच निघा, अंधारात नको. घाट संपला की वारा लागतो. मेडशी लागते. इथं थांबा, पावतीसाठी नको, बसायला थांबा. शाळा भरायच्या किंवा सुटायच्या वेळी आलात तर रस्त्याच्या कडेनं येणाऱ्या सायकली मोजा, किती आणि कुठल्या बाजूनं, आणि तो आकडा तुमच्या चढाईच्या आकड्याशेजारी लिहा. ‘कोनाकडं आले?’ असं विचारतील, तेव्हा गावातल्या कुणाशी तरी ओळख करून घ्या, म्हणजे पुढच्या खेपेला उत्तर असेल. मेडशी ते मालेगाव खालवर रस्ता, दम लागतो. मालेगावहून शिरपूर. तिथं अंतरिक्ष पार्श्वनाथाचं जैन मंदिर आहे, शतकानुशतकं यात्रेकरू इथं येतात, म्हणजे तुम्ही काही पहिले नाहीत. मधल्या पांदणी जूनच्या मध्यापासून दिवाळीपर्यंत टाळा.

यात कवितेसारखं काही नाही. पण मागून येणाऱ्याला रस्ता सापडेल, आणि गावातल्या माणसानं हा मजकूर वाचला तर त्याला तो आपल्याबद्दलचा वाटेल. चांगल्या मार्गाची माझी कसोटी एवढीच आहे. ज्या गावांवरून तो जातो तिथल्या माणसाला तो मोठ्यानं वाचून दाखवता आला पाहिजे. ‘मेडशी क्रॉस केलं’ हे वाक्य मेडशीच्या चौकात मोठ्यानं वाचून बघा.

जाता जाता कामाचं सांगतो. ओपनस्ट्रीटमॅपमध्ये भर घालायला कुणाची परवानगी लागत नाही, फुकट खातं उघडलं की झालं. एखादा रस्ता डांबरी, खडीचा की मातीचा ही नोंद भरायला अर्धं मिनिट लागतं. हापसा कुठं आहे, शाळा कुठं आहे, दुभाजकाला फट कुठं आहे, हेही भरता येतं. पुढच्या रविवारी मेडशीला चहा सांगितल्यावर तो उकळेपर्यंत एवढं होऊ शकतं.